एफ कॉर्ड आणि अर्धा मिलिमीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, मधले 'अं... म्हणजे' तेवढे काढलेत.

आज बोलायचंय एका एवढ्याशा तुकड्याबद्दल. गिटारच्या नेकवर, खुंट्यांच्या बाजूला एक छोटी पांढरी पट्टी असते. तिला सहा खाचा, त्यांतून सहा तारा जातात. हा नट. बोल्टवाला नाही, गिटारवाला!

कॉलेजात असताना मी एक जुनी स्ट्रॅटच्या धाटणीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. सगळं जमत होतं, पण एफ कॉर्ड काही केल्या लागेना. लागलाच तर बेसूर. एका दुकानात दाखवली. "बोटांत दम नाही तुझ्या, रियाज कर." केला. दीड वर्ष केला. मग गिटार गेली कपाटावर. खरं सांगतो, संगीत आपल्यासाठी नाहीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दोष बोटांचा नव्हता. नटच्या खाचा उंच होत्या, फार तर अर्धा मिलिमीटर. पण तार जितकी वर, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. हा त्रास सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवर होतो. आणि नवशिक्यांचे सगळे कॉर्ड नेमके तिथेच!

तुमची गिटार आत्ताच तपासा. मोबाईलवर ट्यूनर ॲप उघडा. मोकळी तार सुरात लावा, मग पहिल्या फ्रेटवर हलकेच दाबा. सूर चढलेला दिसतोय, पण बाराव्या फ्रेटवर बरोबर आहे? मग संशय नटवर घ्या. दुसरी परीक्षा: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. केसाएवढी फट हवी. वरून टिचकी मारली की बारीकसा 'टिक' यायला हवा. फट मोठी असेल तर खाच उंच. फटच नसेल तर खाच जास्त खोल गेलीय.

आता नवीन नट. आधी नेकचा बाक नीट करून घ्या, नाहीतर सगळी मापं चुकतात. जुना नट काढताना कडेचं लॅकर ब्लेडने कापा, मग लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका. घाई केलीत तर लॅकरचा टवका उडतो. माझा उडाला.

मी हाडाचा तुकडा घेतला. काचेवर पॉलिश पेपर पसरून तो घासायचा, बोटाने दाबला की खोबणीत घट्ट बसेल इतकाच. मास्क लावा, हाडाची पूड नाकात जाते आणि वासही भयंकर येतो.

मग एक मस्त युक्ती. पेन्सिल उभी अर्धी घासून चपटी करा. चपटी बाजू फ्रेटवर टेकवून नटवर रेघ ओढा. ही फ्रेटची उंची. खाचेचा तळ या रेघेच्या किंचित वर राहिला पाहिजे. बाहेरच्या दोन तारा कडेपासून साधारण ३ मिमी आत. मधल्या तारांची अंतरं मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका, तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवा. कारण दहाच्या सेटमध्ये बारीक तार ०.२५ मिमी, तर सगळ्यात जाड जवळपास १.१७ मिमी.

खाचेच्या कानशी महाग मिळतात. मी हार्डवेअरच्या दुकानातलं गॅस वेल्डिंगचं टिप क्लीनर वापरलं. वेळ लागतो, पण काम होतं. खाच तारेपेक्षा नखभरही मोठी नको, जरा सैल एवढीच. तिचा उतार खुंट्यांकडे, आणि तार टेकली पाहिजे पहिल्या फ्रेटकडच्या कडेवर. मागेच टेकली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. सतार-तानपुऱ्यात ती जवारी मुद्दाम काढतात, मिरजेचे कारागीर त्यासाठीच नावाजलेले. आपल्याला इथे ती नकोय.

आणि इथेच मी माती खाल्ली. जी तारेची खाच जवळजवळ झाली होती. "अजून दोनच हात मारू." तार चढवून न बघता मारले. गेली खोल! हाडाची पूड आणि सुपरग्लू भरून बुजवली, पुन्हा कापली. चालली, पण मोकळ्या तारेचा आवाज मंद झाला. शेवटी दुसरा तुकडा घेतला. यावेळी नियम एकच: दोन हात मारा, तार चढवा, सुरात लावा, बघा. कंटाळा आला की थांबा. काढलेलं हाड परत येत नाही.

शेवटी जाड तारा अर्ध्या बाहेर दिसतील इतपत माथा घासा, खाचेत पेन्सिलचं शिसं फिरवा आणि नट गोंदाच्या एकाच थेंबावर बसवा, पुढे कधीतरी काढायचाय.

त्या रात्री एफ कॉर्ड लागला. पहिल्याच झटक्यात, सहाही तारा स्वच्छ. आनंद झालाच, पण त्या दीड वर्षाचा रागही आला.

तर मंडळी, तुमची किंवा मित्राची गिटार कपाटावर पडली असेल, तर आज खाली काढा. बोटांना नावं ठेवण्याआधी ती फट बघा. भेटू पुढच्या भागात!