डॉक्टरांपासून गांजा लपवू नका



मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना घरची मंडळी त्याचा गांजा बहुधा लपवितात. बदनामीचे भय, दुसरे काय! पण तंबाखूत मिसळून ओढलेल्या गांजाच्या धुराने यकृतातील एक विकर जोमाने काम करू लागते आणि क्लोझापीन, ओलांझापीन यांसारख्या औषधांचा लवकर निचरा करते. गुण येत नाही म्हणून डॉक्टर बिचारे मात्रा वाढवितात. पुढे मुलगा इस्पितळात दाखल होतो, चिलीम सुटते, आणि तीच मात्रा अंगावर येते. गुंगी, क्लोझापीनने तर प्रसंगी आकडीसुद्धा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेव्हा त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच सांगा : किती ओढतो, केव्हापासून, आणि सोडली असेल तर कोणत्या दिवशी.