जुन्या चाकूची धार
आजोबांच्या पेटींतून निघालेला घडीचा चाकू बहुधा दोन प्रकारें वायां जातो. कोणी त्यास निरुपयोगी समजून मुलांच्या हातीं खेळावयास देतो, तर कोणी त्याची धार परत यावी म्हणून तो रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर धरवितो. दुसरा प्रकार अधिक वाईट. हेतु चांगला असतो आणि पोलाद मात्र कायमचें जातें.

इ. स. १९१३ मध्यें हॅरी ब्रिअर्ली यानें शेफील्ड येथें न गंजणारें पोलाद तयार केलें. त्यापूर्वींचे चाकू साध्या कर्बयुक्त पोलादाचे असत. शेफील्डहून या देशांत येणारे रॉजर्सचे चाकू याच जातीचे. बोरूचें टोक तासण्यास असेंच पातें लागे. हें पोलाद लाल तापवून विझविलें म्हणजे कठीण पण ठिसूळ होतें. मग सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत पुन्हां तापवून तो ठिसूळपणा कमी करतात. यालाच पाणी देणें म्हणतात. कोरड्या चाकाच्या घर्षणानें पात्याची बारीक कड क्षणांत ३०० अंशांपर्यंत तापूं शकते. कडेवर निळी झांक दिसली कीं पाणी उतरलें असें समजावें. तेवढा भाग झिजून जाईपर्यंत धार टिकावयाची नाहीं.

म्हणून धार हातानेंच, सपाट दगडावर लावावी. दगडावर पाणी किंवा पातळ तेल, दोहोंपैकीं एकच वापरावें. तेल मुरलेल्या दगडावर पाणी ठरत नाहीं. पात्याची पाठ त्याच्या रुंदीच्या सुमारें एक-तृतीयांश उंच धरली म्हणजे २० अंशांच्या आसपास कोन साधतो. तो थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, परंतु प्रत्येक वेळीं तोच राहिला पाहिजे. दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा बेतानें, धार पुढें ठेवून, पातें मुठीकडून टोकापर्यंत न्यावें. टोकाशीं तें वळलेलें असतें, तेव्हां तेथें मूठ किंचित् उचलावी.

एका बाजूनें घासतां घासतां दुसऱ्या अंगास खरखर लागूं लागते; पोलादाची अति पातळ कड तिकडे मुरडलेली असते. ती पाहण्यास बोट पाठीकडून धारेकडे आडवें न्यावें, धारेच्या लांबीनें कधींही नेऊं नये. मुठीपासून टोकापर्यंत खरखर सलग लागेपर्यंत बाजू बदलूं नये. बहुतेकांचें येथेंच फसतें. दहा वेळां इकडे, दहा वेळां तिकडे असा हिशेब ते मोजीत बसतात, आणि दोन्ही बाजू कडेवर एकमेकींस भेटतच नाहींत! मग दुसरी बाजू तशीच घासावी, नंतर आळीपाळीनें अगदीं हलका हात फिरवावा, आणि अखेरीस न्हाव्याच्या पट्ट्यासारख्या चामड्यावर पाठ पुढें करून वीसेक वेळां ओढावें.

धार उजेडांत सरळ वरून पाहावी. पांढरी रेघ चमकली तर तेथें बोथटपणा उरला आहे; चांगली धार डोळ्यांस दिसत नाहीं. नंतर पेन्सिलीस टोक काढून पाहावें.

कैरी किंवा लिंबू कापल्यानें पात्यावर येणारा काळसर थर म्हणजे तांबडा गंज नव्हे. तो घासून काढण्याचा खटाटोप करूं नये. तांबडा गंज मात्र तेल लावून पुसावा आणि पातें कोरडें करून मिटावें. घडीच्या खिळ्यापाशीं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाण्याचें तेल कांहीं दिवसांनीं चिकट होतें व चाकू उघडतां उघडत नाहीं.