लॅपटॉप कोणाच्या हातात?

(विद्यार्थी-कामगार मेळाव्यातील भाषण)



मी शिकाऊ उमेदवार म्हणून एका कार्यशाळेत लागलो. आडनाव विचारून झालं आणि मला गाड्या धुण्यावर पाठवलं. आठ महिने हातात पाण्याचा पाइप. बिघाड शोधायचा लॅपटॉप दुसऱ्यांकडे. आज मी विजेवरच्या गाड्यांचं काम शिकवतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात मल्टिमीटर देतो.

या गाडीत इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही. बॅटरीतली डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो, तिच्यावर मोटर फिरते. सेलचं व्होल्टेज आणि तापमान यांवर बीएमएस लक्ष ठेवते. कारच्या बॅटरीत बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट असतात. म्हणून नारिंगी केबलला हात लावण्याआधी गाडी बंद करा, इन्सुलेटेड हातमोजे घाला, सर्व्हिस प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा आणि व्होल्टेज शून्य झाल्याचं मीटरनं तपासा. हा क्रम न शिकवता कुणाला कामाला लावणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणाऱ्या देशात ही भीती पोकळ नाही.

१९४२ साली बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कार्यशाळांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, असंही मागितलं. पदवी आणि पाना यांत त्यांनी उच्चनीच केलं नाही. आपणही करू नये.

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. कुठेही रुजू होताना तीन गोष्टी विचारा: करार नोंदवला का? विद्यावेतन किती? आणि हाय व्होल्टेजचं काम मला कोण, कधी शिकवणार?

शेवटचं पदवीधरांसाठी. तुमचा भाऊ, काका गॅरेजात असेल. नुसत्या आवाजावरून तो बिघाड ओळखतो, पण या मोटारीला तसा आवाजच नाही. बिघाडाचे कोड, वायरिंगचे नकाशे, सर्व्हिस मॅन्युअल बहुतेक इंग्रजीत. ते तुम्ही वाचू शकता. रविवारी त्याच्याजवळ बसा, मॅन्युअलचं एकेक पान मराठीत समजावून सांगा आणि त्याच्याकडून हात चालवायला शिका. घरातल्या पहिल्या पदवीचा उपयोग घरातल्या जुन्या कारागिराला झाला, तर उद्या तो नुसता पाइप धरून उभा राहणार नाही.

जय भीम!