गिटार तिच्याही गळ्यात होती
(शिबिराच्या शेवटच्या रात्री केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, मी आज रॉक अँड रोलवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा! मला ते संगीत मनापासून आवडतं. त्यातली माझी सगळ्यात लाडकी बाई म्हणजे सिस्टर रोझेटा थार्प.

जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या आर्कान्सामधला. काळ्या समाजातली ही मुलगी आईबरोबर चर्चमध्ये गात मोठी झाली. १९४४ साली तिने इलेक्ट्रिक गिटारवर देवाचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी त्यानंतर दहा वर्षांनी आली! तिची तारीफ मात्र व्हायची ती ‘पुरुषासारखी वाजवते’ अशी. हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही?

तिचं १९६४चं एक चित्रण आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, पाऊस पडतोय, श्रोते समोरच्या फलाटावर. पन्नाशीला टेकलेली ही बाई कोट घालून येते, गिटार गळ्यात अडकवते आणि तारा अशा छेडते की माझे पाय आपोआप हलू लागतात. किती मजेत वाजवते ती! कुणाची परवानगी नको, की कौतुकाची वाट पाहणं नको.

१९७३ साली ती गेली. कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. रॉक अँड रोलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये १९८६ साली पहिले कलावंत घेतले, सगळेच पुरुष. रोझेटाला घेतलं ते २०१८ साली.

असो. तो तुकडा आता पडद्यावर लावते. सतरंज्या जरा मागे सरकवा, नाचायला जागा लागेल.