सुट्टी एकट्याची होत नाही

 

रविवारच्या वंदनेला माणसं का कमी झाली, असं विचारलं की एकच उत्तर येतं: वेळ नाही. म्हणून आम्ही या वेळेचाच थोडा अभ्यास केला.

फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ साली मांडलं की, दिवस, आठवडे, वर्षं ही विभागणी समाजाच्या एकत्र जगण्यातून येते. आपलंच पाहा. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ही वेळ आपण मिळून उभी केली.

गिरणीत मात्र वेळ मालकाची. भोंगा झाला की चाळ उठायची. तिथे रविवारची सुट्टीसुद्धा फुकट मिळाली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा १८९० साली ती मुंबईच्या गिरण्यांत मिळाली. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना विधेयक मांडलं, आणि १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

आता रशियाचं ऐका. कारखाने अखंड चालावेत म्हणून १९२९ साली तिथे पाच दिवसांचा आठवडा केला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. सुट्ट्या वाढल्या, तरी लोक नाराज! नवरा घरी तर बायको कामावर. १९३१ साली सर्वांना एकच सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० साली रविवार परत आला.

आज आपल्या पोरांचं तेच झालंय. कोणी मॉलमध्ये, कोणी सिक्युरिटीला, कोणी घरोघर पार्सल पोचवतो. एकाला मंगळवार, दुसऱ्याला गुरुवार. आणि घरच्या बाईला तर सुट्टीच नाही. रविवारी सगळे घरी, म्हणून तिचं काम दुप्पट. लोखंड्यांचा रविवार तिच्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

म्हणून पोरांना बोल लावू नका. आमची सूचना अशी: दर पौर्णिमेला रात्री एक वंदना ठेवू. पौर्णिमा दरवेळी वेगळ्या वारी येते, कधी ना कधी प्रत्येकाला जमेल. आणि त्या रात्रीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. भाकरी गोल नाही झाली तरी चालेल, पण माय-बहिणी इथे पुढे बसलेल्या दिसल्या पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!