हॉल दहा बाय चौदा, टीव्ही किती इंच?

लोकलमध्ये उभ्या-उभ्या ऐकत असाल तर आज जरा लक्ष देऊन ऐका, कारण थोडं गणित आहे. अगदी सोपं आहे, घाबरू नका.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडून सारखा एकच प्रश्न येतोय. ‘बजेट तीस-पस्तीस हजार आहे, घरी सिनेमे बघायचेत, मोठा टीव्ही कुठला घेऊ?’ मी आज मॉडेलचं नाव सांगणार नाही. मॉडेल सहा महिन्यांत बदलतं, आपला हॉल बदलत नाही. म्हणून सुरुवात हॉलपासून करू.

आधी एक चांगली गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यामुळे ‘लहान घेतला तर टॅक्स कमी’ हे जुनं गणित आता संपलं. पण स्वस्त झाला म्हणून लगेच ६५ इंची उचलायचा का? थांबा.

आपल्याकडच्या वन बीएचकेचा हॉल धरा दहा बाय चौदा. सोफा एका लांब भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीवर. मधलं अंतर दहा फूट. पण तुमचे डोळे काही भिंतीला चिकटलेले नसतात. सोफ्याची खोली वजा करा, उरले साडेसात फूट. आता हे फुटांमधलं अंतर साडेसातने गुणा. उत्तर येतं साधारण ५६. म्हणजे ५५ इंची टीव्ही. हॉल आठ फूट रुंद असेल तर डोळ्यांपासून अंतर साडेपाच फूट, उत्तर ४१, म्हणजे ४३ इंची पुरे. नऊ फुटांवरून बघणार असाल तर ६५ इंचीचा विचार करा.

हे साडेसात कुठून आलं? सिनेमासाठी पडद्याने आपल्या नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, असा एक जुना मापदंड आहे. त्यावरून हा आकडा निघतो. थोडं इकडे-तिकडे चालतं, पण दुकानातल्या झगमगाटात अंदाज चुकतो, म्हणून टेप घेऊन घरीच मोजा.

आता सिनेमा बघणाऱ्यांसाठी खास मुद्दा. आपले बरेच सिनेमे टीव्हीच्या पडद्यापेक्षा जास्त रुंद आकारात शूट होतात. टीव्हीवर लावले की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. ५५ इंची टीव्हीची उंची २७ इंच, त्यात असा सिनेमा फक्त २० इंच उंच दिसतो. ४३ इंची टीव्हीवर बातम्या साधारण एवढ्याच उंचीत दिसतात! म्हणून मुख्य वापर सिनेमाचा असेल आणि उत्तर दोन साइजच्या मधे आलं, तर मोठी घ्या. पण घरात दिवसभर केबलवर मालिका चालत असतील तर एक लक्षात ठेवा. एचडी नसलेला चॅनेल मोठ्या पडद्यावर जास्त फिसकटलेला दिसतो.

साइज ठरली. पुढचा प्रश्न मी तुम्हाला विचारतो: तुम्ही टीव्ही बघता किती वाजता?

कारण आपल्याकडे माणूस साडेआठ-नऊला स्टेशनवर उतरतो, रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, घरी येऊन जेवतो. सिनेमा लागतो दहा वाजता, लाइट बंद करून. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेसपेक्षा काळा रंग किती काळा दिसतो हे महत्त्वाचं. इथे पॅनेलचा प्रकार बघा. एक असतं व्हीए, दुसरं आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खोल दिसतो, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूने बघितलं तरी रंग टिकतात, पण अंधारात काळ्याच्या जागी राखाडी दिसतो. रात्री सोफ्यावर समोर बसून दोघं-तिघं बघणार? व्हीए. घरात सात माणसं, कोणी दिवाणावर, कोणी खाली, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून? मग आयपीएस बरा.

बॉक्सवर हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. मग कॉन्ट्रास्टचा आकडा बघा. हजार-बाराशेला एक असेल तर बहुतेक आयपीएस, तीन ते पाच हजारांना एक असेल तर बहुतेक व्हीए. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ म्हणून लाखांचा आकडा दिला असेल तर तो सोडून द्या. दुकानात गेलात तर फुलांचा आणि पोपटांचा डेमो बंद करायला सांगा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ करा, एखादा रात्रीचा सीन लावा आणि दोन पावलं बाजूला सरकून बघा. दोन मिनिटांत कळतं.

‘क्यूएलईडी’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. तो ओएलईडी नव्हे. तो एलईडीच, फक्त रंग चांगले दिसावेत म्हणून जास्तीचा थर असतो. ‘एचडीआर’चंही तसंच. स्वस्त टीव्ही एचडीआरचा व्हिडिओ चालवतो, पण तो खुलून दिसायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो. त्या स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी पैसे बाजूला ठेवायला सांगेन, ती म्हणजे आवाज. माझ्या आईचे गुडघे दुखतात. डोंबिवलीहून ठाण्याच्या मॉलमध्ये सिनेमाला जायचं म्हणजे पूल चढा, गर्दीत उभे राहा, परत येताना तेच. तिचं थिएटर आता घरचा हॉलच. पण दर दहा मिनिटांनी तिचा प्रश्न, ‘काय म्हणाला रे तो?’ आवाज वाढवला की गाणं लागतं आणि शेजारच्यांची भिंत हलते. कारण सरळ आहे. बारीक टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. संवाद आपल्याकडे येण्याआधी भिंतीवर आपटतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. पस्तीस हजार असतील तर सगळे पडद्यात घालू नका. चार-पाच हजार साध्या साउंडबारसाठी ठेवा, त्यासाठी ५५ ऐवजी ५० इंची घ्यावा लागला तरी चालेल. पाच इंचांचा फरक आठवड्याभरात विसरला जातो, न कळलेला संवाद रोज खटकतो. टीव्हीला ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे ना, तेवढं बघा. साउंडबारमध्ये ‘व्हॉइस’ किंवा ‘नाइट’ मोड असेल तर उत्तमच.

पैसे भरण्याआधी तीन-चार गोष्टी. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, एकूण किती भरायचे ते विचारा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही आणि फोर-के सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच मिळतं, तो महिन्याचा खर्चही धरा. तुमच्या पिनकोडला कंपनीची सर्व्हिस आहे का, ते आधी तपासा. आणि ५५ इंचीचा खोका साडेचार फुटांच्या आसपास असतो, उभाच न्यावा लागतो. जुन्या बिल्डिंगचा जिना अरुंद असेल तर तोही मोजा. खोका डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा, व्हिडिओ काढा.

भिंतीवर लावताना इन्स्टॉलेशनवाला हमखास उंच लावतो. बसल्यावर पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीला हवा, नाहीतर तीन तासांत मान धरते. घोडबंदर किंवा खडकपाड्याच्या नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे का विचारा. त्यात साधा प्लग सैल होतो, वेगळा लागतो.

टीव्ही लागला की सेटिंगमध्ये जाऊन ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. हे बंद करायला एक रुपया लागत नाही.

तर आज घरी गेल्यावर टेप काढा, सोफ्यापासून भिंतीपर्यंत मोजा आणि घरात कोण कुठे बसतं ते बघा. तुमचं अंतर, बजेट आणि सिनेमाची वेळ व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काहींचं गणित आपण एकत्र सोडवू. तोपर्यंत सांभाळून उतरा, दारात लटकू नका. भेटू!