रखवालदाराचं काम

(सीवूड्स येथील हिवाळी व्याख्यानमालेत डिसेंबरमध्ये दिलेलं व्याख्यान)



आयोजकांनी सुचवलं होतं की नाताळ तोंडावर आहे, तर येशूजन्मावर बोला. मी म्हटलं, जन्मावर बोलायला आपला मॉल समर्थ आहे. सीवूड्स-दारावे स्थानकाच्या डोक्यावर डिसेंबर उजाडताच झाड उभं राहतं, चांदण्या लागतात, लाल टोपीवाले सेल्फीला उभे राहतात. त्याच दिवसांत चर्चमध्ये गेलात तर बुचकळ्यात पडाल. धर्मगुरूंचा झगा जांभळा, म्हणजे पश्चात्तापाचा रंग. गौरवगीत बंद. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि त्याच्या पहिल्या रविवारी वाचन होतं ते गोठ्यातल्या बाळाचं नव्हे. ते असतं जगाच्या शेवटाचं, येशूच्या पुनरागमनाचं. या तारणहाराच्या पहिल्या येण्याची तयारी चर्च त्याच्या दुसऱ्या येण्यापासून सुरू करतं. मॉल आणि चर्च यांची पंचांगं जुळत नाहीत ती अशी.

म्हणून आजचा विषय हा. येशू पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, हे वाक्य ख्रिस्ती माणूस उपासनेत उभा राहून म्हणतो. इसवी सन ३२५ च्या नाइसियाच्या परिषदेतल्या श्रद्धाघोषणेतही ते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना चित्रगुप्ताची वही ठाऊक आहे, शेजारच्या मुसलमान कुटुंबाला कयामत ठाऊक आहे. हिशेब द्यावा लागतो ही कल्पना काही परकी नाही. प्रश्न एवढाच की, ज्याला हे खरंच वाटतं त्याने सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं?

एक वर्ग कॅलेंडर काढून बसतो. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा हिशेब मांडला आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक तसंच सोडलं. २३ ऑक्टोबर नेहमीसारखा उजाडला. अलीकडे हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, रस्तोरस्ती फलक लागले, मग २१ ऑक्टोबर सांगितली. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली. ख्रिस्ती लोकांना हसू नका बरं का! फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही आली तेव्हा जग बुडणार म्हणून आपल्याकडे यज्ञांत किती तूप ओतलं गेलं, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

मौज अशी की ही तारीख काढायची मुभा शुभवर्तमानात मुळी नाहीच. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, असं येशू स्वतः सांगतो. आणि थेस्सलनीका इथल्या मंडळीत प्रभू येणारच म्हणून काही जण कामधंदा सोडून लोकांच्या घरी जेवायला बसू लागले, तेव्हा पौलाने पत्रातून त्यांची चांगली हजेरी घेतली: काम करायचं नसेल तर जेवूही नका. पुनरागमनाची वाट पाहणाऱ्यांना पहिला दम भरला तो नास्तिकांनी नव्हे, प्रेषिताने.

मार्कच्या शुभवर्तमानात याविषयीचा एक अगदी छोटा दाखला आहे. घरधनी परगावी जातो, जाताना प्रत्येक चाकराला त्याचं त्याचं काम नेमून देतो आणि दारावरच्या माणसाला जागं राहायला सांगतो. आता आपल्या सोसायटीचा रात्रपाळीचा रखवालदार डोळ्यांसमोर आणा. चेअरमनसाहेबांची गाडी कधी येते म्हणून तो रात्रभर रस्त्याकडे टक लावून बसला, तर सकाळी टाकी कोरडी आणि तुमची बोंब. त्याचं जागं राहणं म्हणजे वेळेवर पंप लावणं, वहीत नोंद करणं, मागच्या भिंतीकडे एक फेरी मारणं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना रात्री दोन वाजता दम लागला तर रिक्षा आणून देणं. चेअरमन कधीही येवोत.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात हाच धागा तीन चित्रांत पुढे जातो. दहा कुमारी आणि त्यांच्या दिव्यांतलं तेल, मग धन्याने चाकरांवर सोपवलेला पैसा. ही दोन्ही तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असतील, ती सोडून देतो. तिसरं चित्र मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. राजा सिंहासनावर बसला आहे, सगळी राष्ट्रं समोर आहेत, आणि मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा तो माणसं वेगळी करतो. कसोटी सहा गोष्टींची. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. उपास किती केले, प्रार्थनेला किती वेळा आलात, बाप्तिस्मा कोणत्या पंथात झाला, यातलं काही तिथे विचारलेलं नाही. त्यातले ते लहान बंधू म्हणजे फक्त येशूचे शिष्य की जगातला कुठलाही गरजू, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तो असू द्या. मला त्यात वेगळीच गोष्ट खटकते, आणि आवडते. उजवीकडचे लोक राजाला विचारतात, महाराज, आम्ही तुम्हाला कधी भुकेलेलं पाहिलं? त्यांना माहीतच नाही! शेवटच्या न्यायाला तयार असलेली माणसं आपण तयार आहोत हे न कळताच तयार झाली होती. आणि डावीकडचेही तेच विचारतात. चकित दोघंही होतात.

सहापैकी तिसरी कसोटी, परक्याला आसरा, आपल्या गावाला झोंबणारी आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, करावे-दारावेच्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या शेजारी आपण सगळे परके येऊन राहिलो. इथे केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे, वसईचे, नगरचे ख्रिस्ती आहेत. एकाच रविवारी मल्याळम, इंग्रजी, मराठी उपासना चालतात. यजमान कोण आणि परका कोण, हे राजाने विचारलं तर आपली उत्तरं फारशी जुळणार नाहीत.

सहावी कसोटी तुरुंगाची. ती लांबची वाटते, पण तळोजा कारागृह खारघरच्या पुढेच आहे. एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झालेले येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी तिथे होते. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. तो खटला त्यांच्या हयातीत उभाच राहिला नाही. वय ८३, कंपवात. हातातला पेला स्थिर राहीना, म्हणून स्ट्रॉ आणि झाकणाचा पेला मिळावा असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला. २८ मे २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. ५ जुलैला, जामिनाची सुनावणी बाकी असताना, ते गेले. तुरुंगातून त्यांनी मित्रांना लिहिलं होतं की एक सहबंदी जेवायला मदत करतो, दुसरा आंघोळ घालतो, आणि बराकीतले दोघं कपडे धुतात, गुडघे चोळून देतात, आणि ते दोघं फार गरीब घरचे आहेत. मत्तयाची यादी त्या बराकीत कुणी पाठ केली असेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर त्या यादीवर प्रवचन देणाऱ्या माणसाला ती शेवटी इतरांच्या हातून परत मिळाली.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की मग येशू परत येणार हे मानण्याची गरजच काय? भुकेल्याला घास नास्तिकही देतो. या प्रश्नाचं उत्तर मी तर्काने देत नाही, केडगावला नेतो.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. मुंबईत चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं या आरोपावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दौंडजवळ केडगावला बाईंनी संस्थेसाठी जमीन घेतली होती. फळबाग लावायची, विहिरी खोदायच्या, उत्पन्न आलं की देणगीदारांकडे हात पसरायला नको, हा विचार. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तशा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हातमाग, तेलघाणा, गोठा, शिवण, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. मुलींना धर्मांतरासाठी आणल्याचा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो; मुक्तीत ख्रिस्ती धर्म शिकवला जाई हे बाईंनी कधी लपवलं नाही.

आता या बाई साध्या समाजसेविका नव्हत्या. वेल्समध्ये १९०४ साली धर्मजागृतीची लाट उठली, तिच्या बातम्या आल्या, आणि जानेवारी १९०५ पासून केडगावात रोज प्रार्थनेचे गट बसू लागले. २९ जूनला पहाटेच्या अंधारात मोठ्या मुलींच्या खोलीत एकीला पवित्र आत्म्याचा अनुभव आला. शेजारणीला तिच्या अंगावर खरोखरची आग दिसली. ती पोरगी धावली ती पाण्याची बादली आणायला, आणि ओतणार एवढ्यात कळलं की ही काही पेटलेली नाही. पुढे कितीतरी दिवस रडणं, पापकबुली, एकदम मोठ्याने प्रार्थना. शाळेचे वर्ग बंद पडले. अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी यावर १९०६ साली पुस्तक लिहिलं. पेंटेकॉस्टल चळवळीचा जागतिक इतिहास लिहिणारे लॉस एंजेलिसमधल्या जागृतीच्या बरोबरीने केडगावचं नाव घेतात. आपल्या दौंड तालुक्याची ही कीर्ती दौंडलाच फारशी ठाऊक नसावी. प्रभू लवकर येतोय ही भावना त्या सगळ्या वर्तुळात तापलेली होती.

मला अशा भावनावेगाने थोडं अवघडल्यासारखं होतं, कबूल करतो. मी शांत उपासनेत वाढलेला माणूस. पण बादलीचा प्रसंग मला सोडत नाही, कारण अख्खं केडगाव त्या मुलीसारखं होतं. स्वर्गातून अग्नी उतरलाय असं वाटतंय, आणि हात बादलीकडे. प्रभू लवकर येणार म्हणणाऱ्या याच बाईंनी, फळ धरायला वर्षं लागतात अशी झाडं लावली. आणि या जागृतीच्याच सुमारास असं काम हाती घेतलं की जे घाईत असलेला माणूस कधी घेणार नाही: अख्ख्या बायबलचा हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत अनुवाद. तोही शिकलेल्यांसाठी नव्हे, मुक्तीतल्या आणि खेड्यापाड्यांतल्या अल्पशिक्षित बायकांना कळावा असा. त्यासाठी उतारवयात हिब्रू शिकल्या. सुमारे अठरा वर्षं ते चाललं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीच्याच बायका.

आणि न्यायाचं काय? आपण सुखवस्तू माणसं न्यायाचा दिवस म्हटला की पटकन आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतो, म्हणून तो आपल्याला भीतीचा वाटतो. दुष्काळात बापाने रस्त्यावर सोडलेली, दलालाच्या हातून सुटलेली दहा वर्षांची मुलगी त्या न्यायालयात कुठे उभी असेल? ती फिर्यादी आहे. तिच्या बाजूने आजवर कुणी निकाल दिलेला नाही. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने, लहानपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षीच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्या निकालावर संतापून लिहिलं आहे. इथलं न्यायालय काय करतं हे त्यांनी पाहिलं होतं. इथे जो निकाल हुकला तो कायमचा हुकला, हे मानायला त्या तयार नव्हत्या. न्याय होणार, ही त्यांच्या मुलींसाठी बातमी होती, आणि चांगली बातमी होती. नास्तिकाच्या घासात आणि रमाबाईंच्या घासात पोट भरण्याच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक मला दिसतो तो इथे: रमाबाईंच्या लेखी त्या मुलीचं प्रकरण जेवण देऊन मिटत नव्हतं.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. ऐकू येणं जवळजवळ थांबलेलं. जिच्या हाती मुक्ती सोपवायची ती मुलगी, मनोरमा, २४ जुलै १९२१ रोजी गेली. बाई मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची पानं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ज्याची वाट पाहिली तो त्यांच्या डोळ्यांदेखत आला नाही. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं १९२४ मध्ये. केडगावचं मुक्ती मिशन अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोकलने जाता येतं, आणि तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर मला व्याख्यानानंतर भेटा, जानेवारीत आम्ही काही जण जाणार आहोत.